कलासंस्थेची वास्तू आणि विनामूल्य वास्तुरचना

गावातल्या किंवा वस्तीतल्या एखाद्या कलासंस्थेसाठी वास्तुरचनाकार आपले शुल्क न घेता जागेचा आराखडा करतो, त्याला विनामूल्य वास्तुरचना म्हणतात. संस्था म्हणजे एकांकिका बसवणारी मंडळी असतील, भजनी मंडळ असेल, ढोल-ताशा पथक असेल किंवा मुलांना कथक आणि चित्रकला शिकवणारा वर्ग असेल. कामही लहानमोठे असते. कधी समाजमंदिराच्या सभागृहात पडदे आणि दिवे कुठे लावायचे एवढेच सांगायचे असते, कधी जुनी शेड तालमीला योग्य करायची असते, तर क्वचित पायापासून नवे छोटे नाट्यगृह उभे करायचे असते. या सर्व प्रकारांत माफ होते ते फक्त वास्तुरचनाकाराचे शुल्क. आरसीसी कन्सल्टंट, माती परीक्षण, परवानगीचे शुल्क, अग्निसुरक्षेची साधने आणि ठेकेदार यांचे पैसे संस्थेलाच उभे करावे लागतात. फुकटात इमारत मिळणार, अशा समजुतीने सुरू झालेली कामे बहुधा जोत्याशी येऊन थांबतात.

अंबरनाथ पूर्वेच्या कडेला असलेल्या पालेगावसारख्या ठिकाणी ही गरज ठळकपणे दिसते. मूळ गावठाणाभोवती मोठमोठी गृहसंकुले उभी राहिली आणि राहायला आलेल्या कुटुंबांबरोबर नाटकाची, गाण्याची, नाचाची हौसही आली. गावातली भजनाची आणि उत्सवाची परंपरा आधीपासून होतीच. तालमीची जागा मात्र संकुलाचे क्लबहाऊस, शाळेचा वर्ग किंवा गच्ची. राज्याच्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाच्या विकासात १० टक्के मनोरंजनाची मोकळी जागा सोडावी लागते. पण तालमीला लागणारी बंद, आवाजाला बरी आणि संध्याकाळी हमखास मिळणारी खोली त्या नियमातून आपोआप तयार होत नाही. ती कोणीतरी मुद्दाम आखावी लागते.

मराठी रंगभूमीने अशा अपुऱ्या जागांतूनच मोठे काम केले आहे. अरविंद व सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांची ‘आविष्कार’ ही संस्था १९७१मध्ये स्थापन झाली आणि १९७४पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात तिचे प्रयोग होऊ लागले. ते सभागृह नाट्यगृह म्हणून बांधलेले नव्हते. पण व्यावसायिक नाट्यगृहाचे भाडे न परवडणाऱ्या प्रायोगिक नाटकाला तिथे वर्षानुवर्षे घर मिळाले आणि त्या काळातल्या प्रायोगिक चळवळीला शाळेचेच नाव पडले. लहान कलासंस्थेची पहिली गरज इमारत नसते. परवडणारी आणि नेमाने मिळणारी खोली असते. कुठल्याही चांगल्या आराखड्याची सुरुवात इथूनच झाली पाहिजे.

जुहूचे पृथ्वी थिएटर हे याच गरजेला दिलेले, मुद्दाम आखलेले उत्तर आहे. शशी कपूर आणि जेनिफर केंडल यांनी ते उभारले, वास्तुरचना वेद सेगन यांची. ५ नोव्हेंबर १९७८ रोजी गो. पु. देशपांडे यांच्या नाटकाच्या हिंदी प्रयोगाने ते सुरू झाले. सुमारे २०० प्रेक्षक, तिन्ही बाजूंनी रंगमंचाला भिडलेल्या पायऱ्या आणि कुजबुजसुद्धा शेवटच्या रांगेत पोचेल इतके थोडे अंतर. मोठ्या नाट्यगृहाची छोटी प्रत काढण्याऐवजी तिथे नट आणि प्रेक्षक यांच्यातले अंतर हाच रचनेचा मुख्य प्रश्न मानला गेला. विनामूल्य असो वा सशुल्क, कलासंस्थेच्या कामात वास्तुरचनाकाराचे खरे योगदान अशा निवडीत असते. भिंती तर कोणीही ठेकेदार उभ्या करतो.

वस्तीबरोबर राहून काम करण्याचा अलीकडचा नमुना मुंबईत गोवंडीला पाहता येतो. नटवर पारेख कंपाउंड ही पुनर्वसनाची वसाहत. सात मजली इमारती एकमेकींना इतक्या लागून की खालच्या घरांत ऊन पोचत नाही. तिथे ‘कम्युनिटी डिझाइन एजन्सी’ या ना-नफा संस्थेच्या वास्तुरचनाकारांनी रहिवाशांबरोबर इमारतींमधल्या कचऱ्याने भरलेल्या मोकळ्या पट्ट्या सुधारल्या, ‘किताब महल’ नावाचे वाचनालय उभे केले आणि फेब्रुवारी २०२३मध्ये तिथल्याच मुलामाणसांच्या सहभागाने गोवंडी कला महोत्सव झाला. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी रहिवाशांशी ओळख झाली, मग छोट्या दुरुस्त्या, मग जागा आणि त्या जागेतून कला.

इतर देशांत या कामाला संघटित रूप मिळाले आहे. अमेरिकेत अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठात सॅम्युएल मॉकबी आणि डी. के. रूथ यांनी १९९३मध्ये ‘रूरल स्टुडिओ’ सुरू केला. तिथले विद्यार्थी गरीब गावांसाठी घरे आणि सार्वजनिक वास्तू आखतात आणि स्वतः बांधतातही. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘पब्लिक आर्किटेक्चर’ या संस्थेने प्रत्येक कार्यालयाने आपल्या कामाचा एक टक्का वेळ लोकोपयोगी कामाला द्यावा, असे आवाहन केले. एक टक्का म्हणजे माणशी वर्षाला सुमारे २० तास. हे गणित डोळ्यांपुढे ठेवावे. वीस तासांत एका खोलीची पाहणी, मोजमाप आणि कच्चा आराखडा होतो. नाट्यगृह होत नाही. त्यामुळे मोठ्या कामात अनेक जणांचा वेळ जोडावा लागतो किंवा शुल्क अर्धे घ्यावे लागते, आणि ते घेण्यात कमीपणा काहीच नाही.

भारतात वास्तुरचनाकाराचे काम वास्तुविशारद अधिनियम, १९७२ खाली येते. वास्तुरचनाकार परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय ‘आर्किटेक्ट’ ही पदवी लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये स्पष्ट केले की हा कायदा पदवीला संरक्षण देतो. इमारत आखण्याच्या कृतीवर इतरांना सरसकट बंदी घालत नाही. पण परवानगीच्या नकाशावर पात्र, नोंदणीकृत किंवा परवानाधारक व्यक्तीची सही लागतेच. सही केली की जबाबदारी आली, मग शुल्क लाख रुपये असो की शून्य. १९८९च्या व्यावसायिक आचारनियमांनुसार दुसऱ्या वास्तुरचनाकाराचे काम हिरावून घेणे गैर आहे. म्हणून संस्थेने आधी कोणाला नेमले असेल, तर त्याचा हिशेब मिटवून आणि त्याला कळवूनच नव्याने काम द्यायचे असते.

विनामूल्य कामाची एक बाजू संस्थांना सहसा ठाऊक नसते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९मधल्या सेवेच्या व्याख्येतून पूर्णपणे मोफत दिलेली सेवा वगळली आहे. म्हणजे मोफत आराखड्यात चूक निघाली तर ग्राहक आयोगाकडे जाण्याचा सोपा मार्ग संस्थेला राहत नाही. व्यावसायिक गैरवर्तनाबद्दल परिषदेकडे तक्रार करता येते, दिवाणी दावाही करता येतो. पण दोन्ही वाटा लांबच्या. वास्तुरचनाकाराच्या बाजूनेही सवलत फारशी नाही. प्राप्तिकरातली देणगीची वजावट पैशाच्या देणगीवर मिळते, दिलेल्या वेळेवर मिळत नाही. दोन्ही बाजूंना कायद्याचा आधार इतका तोकडा असताना तोंडी बोलीवर काम सुरू करणे धोक्याचे ठरते.

म्हणून पहिला कागद नकाशाचा नसावा, पत्राचा असावा. वास्तुरचनेच्या कामाचे ठरलेले टप्पे असतात: संकल्पना, प्राथमिक आराखडा, परवानगीचे नकाशे, कामाचे तपशीलवार नकाशे व निविदा, बांधकामावरची देखरेख आणि शेवटी पूर्णत्व. यांपैकी कोणते टप्पे मोफत, आराखड्यात किती वेळा बदल करून मिळतील, बांधकाम चालू असताना साइटवर किती भेटी होतील, प्रवास आणि छपाईचा खर्च कोणाचा, संस्थेतर्फे अंतिम होकार कोण देणार, हे सगळे त्या पत्रात असावे. शेवटचा मुद्दा सर्वांत नाजूक. पंधरा सभासदांच्या मंडळात प्रत्येकाची सूचना थेट वास्तुरचनाकाराच्या फोनवर जाऊ लागली, तर सशुल्क कामही टिकत नाही. नकाशांवरचा स्वामित्वहक्क वेगळा करार नसेल तर सामान्यतः वास्तुरचनाकाराकडेच राहतो, त्यामुळे तोच आराखडा पुढे दुसऱ्या शाखेसाठी वापरायचा असेल तर तेही लिहून घ्यावे.

दुसरा कागद जागेचा. नाटकमंडळी आधी रंगमंचाबद्दल बोलतात. वास्तुरचनाकार आधी सातबारा किंवा मिळकतपत्रिका मागतो. पालेगावच्या पट्ट्यात अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या नगरपरिषदा, उल्हासनगर महापालिका आणि औद्योगिक क्षेत्रात एमआयडीसी अशी वेगवेगळी प्राधिकरणे आहेत. जागा कोणाच्या हद्दीत येते त्यावर परवानगी कोणाकडे मागायची ते ठरते. एखाद्या कारखानदाराने बंद पडलेली शेड देऊ केली तरी औद्योगिक वापराच्या जागी लोक जमवण्याचा वापर करायला मंजुरी लागते. जागा एखाद्या देवस्थान ट्रस्टची असेल आणि बिगरशेती मिळकत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने घ्यायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी हवी. अकरा महिन्यांच्या करारावर लाखोंचे फ्लोअरिंग करणाऱ्या संस्थेला कोणीतरी हे वेळीच सांगायला हवे, आणि ते बहुधा वास्तुरचनाकारच सांगू शकतो.

अंबरनाथला आणखी एक अट आहे. वालधुनी नदीकाठचे शिवमंदिर इ.स. १०६०च्या शिलालेखाचे, शिलाहार काळातले, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालचे. २०१०च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते. मंदिराच्या परिसरात कला महोत्सव भरतो तो तात्पुरत्या मंचावर. कायमचे कलादालन त्याच्या सावलीत असावे असे कोणालाही वाटेल. कायद्याने ते लांबच राहते आणि नऊशेहून अधिक वर्षांच्या त्या दगडी कामासाठी तेच योग्य आहे.

जुनी इमारत वापरायची तर सांगाड्याची तपासणी रंगकामाआधी करावी लागते. २०२१च्या मे महिन्यात उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. नाचाच्या वर्गात वीस मुले एका तालावर पाय आपटतात तेव्हा स्लॅबवर येणारा भार नुसत्या बसलेल्या माणसांपेक्षा वेगळा असतो. इथे वास्तुरचनाकाराने विनामूल्य अंदाज देऊ नये; संरचना अभियंत्याला पैसे देऊन लेखी अहवाल घ्यावा.

मग येतो रचनेचा सर्वांत रसाळ भाग, आवाज. हार्वर्डचे वॉलेस सॅबिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहावर प्रयोग करून सूत्र शोधले. आवाज थांबल्यावर त्याचा घुमारा विरायला लागणारा वेळ खोलीच्या घनफळाबरोबर वाढतो आणि खोलीतल्या आवाज शोषणाऱ्या पृष्ठभागांबरोबर कमी होतो. मीटरमध्ये मोजल्यास घनफळाला ०.१६१ने गुणायचे आणि एकूण शोषणाने भागायचे, की सेकंद मिळतात. बोलण्यासाठी हा वेळ साधारण एक सेकंदाच्या आत-बाहेर हवा.

समजा, सभागृह १२ मीटर लांब, ८ रुंद आणि ४ उंच आहे. समाजमंदिरांचा हा ओळखीचा आकार. घनफळ ३८४ घनमीटर. भिंती प्लास्टरच्या, खाली लादी, वर स्लॅब. असे कठीण पृष्ठभाग मिळून ३५२ चौरस मीटर होतात आणि ते पडणाऱ्या आवाजाचा जेमतेम तीन टक्के शोषतात, म्हणजे शोषण सुमारे १०.६. घुमारा निघतो ५.८ सेकंद. दारे, खिडक्या, सामान यांमुळे प्रत्यक्षात तो काहीसा कमी भरतो, तरी एक वाक्य संपायच्या आत मागच्या वाक्याचे शेपूट कानात असते. आता ८० प्रेक्षक आले. बसलेला माणूस साधारण ०.४५ इतके शोषण देतो, एकूण ४६.६ झाले आणि घुमारा १.३ सेकंदांवर आला. म्हणूनच प्रयोगाला बरे वाटणारे सभागृह तालमीला असह्य होते. दहा नटांच्या तालमीत तो चार सेकंदांच्या वर असतो.

उपाय महाग नाही. मागच्या आणि बाजूच्या भिंतीवर चुण्या घालून सोडलेले जाड सुती पडदे ३० चौरस मीटर झाकतील एवढे लावले, तर शोषण सुमारे १५ने वाढते. भरलेल्या सभागृहात घुमारा बरोबर एक सेकंदावर येतो आणि तालमीत चारावरून दोनावर. पडदा भिंतीला चिकटवू नये, वीतभर पुढे सोडावा. मधल्या पोकळीमुळे तो जास्त शोषतो. खोलीच्या मधोमध उभे राहून टाळी वाजवली आणि समोरासमोरच्या भिंतींत फडफड ऐकू आली, तर निदान एका भिंतीवर पडदा किंवा पुस्तकांची मांडणी हवीच. संगीतवर्गाला मात्र इतकी कोरडी खोली आवडत नाही. गाण्याला थोडी आस लागते, म्हणून पडदे सरकते ठेवले की एकच सभागृह नाटकाला आणि गाण्याला दोन्ही चालते. वास्तुरचनाकाराच्या दोन संध्याकाळी आणि पडद्याचे कापड, एवढ्यावर संस्थेचे अर्धे दुःख कमी होते. वाजवी खर्चात याहून जास्त फायदा देणारे दुसरे काम क्वचितच सापडेल.

ढोलाचा खर्ज मात्र पडद्याला दाद देत नाही. तो बाहेर जातो आणि शेजारी तक्रार करतात. ध्वनिप्रदूषण नियम, २०००प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. खर्ज अडवायला वजनदार भिंत आणि फटी नसलेली दारे लागतात. पथकाचा सराव घरांपासून दूर, मोकळ्या मैदानात ठेवणे आणि सभागृह वादनाऐवजी बैठकीला व वाद्ये ठेवायला वापरणे, हा सल्लाही वास्तुरचनेचाच भाग आहे.

कोकणपट्टीचा पाऊस हा स्वतंत्र प्रश्न. पत्र्याच्या शेडवर जुलैची सर कोसळते तेव्हा आतल्या माणसाला शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही, आणि स्पर्धांच्या तालमी नेमक्या पावसाळ्यातच सुरू असतात. पत्रा थरथरतो म्हणून आवाज होतो. त्याची थरथर मारली की आवाज उतरतो. पत्र्याखाली पोकळी ठेवून रॉकवूल आणि जाड बोर्डाचे छत दिले, किंवा इन्सुलेशन भरलेले दुहेरी पॅनल वापरले, तर फरक लगेच कळतो. शिवाय तेच थर मे महिन्यात उष्णता अडवतात. पूररेषा पाहून जोते उंच घेणे, वाद्ये आणि पोशाख जमिनीपासून वर ठेवायला फळ्या करणे, भिंतीत ओल येऊ नये म्हणून छपराची पागोळी लांब काढणे, ही बदलापूर-उल्हासनगरच्या अनुभवी गवंड्याला सांगावी लागत नाहीत अशी कामे. पण नकाशात ती नसली तर अंदाजपत्रकातून सुटतात.

नाचणाऱ्यांसाठी जमीन वेगळी करावी लागते. काँक्रीटवर थेट बसवलेल्या लादीवर रोज तास-दोन तास पदन्यास केला की गुडघे आणि टाचा दुखू लागतात. लाकडी पट्ट्यांवर प्लायवूड आणि वर फळ्या अशी किंचित दबणारी जमीन शरीराला सोसते. पूर्ण सभागृहात ती परवडत नसेल तर नाचाच्या भागापुरती करावी.

सुरक्षेबाबत तडजोड नसते. कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, राजर्षी शाहू महाराजांच्या काळात ‘पॅलेस थिएटर’ म्हणून १९१५मध्ये सुरू झालेले, ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री आगीत जळाले. पडदे, लाकूड, जुन्या वायरी आणि तापणारे दिवे एका ठिकाणी येतात तिथे ठिणगीला निमित्त लागत नाही. वर सुचवलेला सुती पडदासुद्धा अग्निरोधक प्रक्रिया केलेलाच हवा. समोरासमोर दोन बाहेर पडण्याच्या वाटा, बाहेरच्या बाजूला उघडणारी आणि प्रयोगाच्या वेळी कुलूप नसलेली दारे, प्रकाशयोजनेसाठी विजेचे वेगळे सर्किट आणि त्याला साजेसा ब्रेकर, हे छोट्या सभागृहातही असले पाहिजे. राज्याचा २००६चा अग्निप्रतिबंधक कायदा वास्तू वापरणाऱ्यावरही जबाबदारी टाकतो; दर सहा महिन्यांनी उपकरणांची तपासणी संस्थेनेच करून घ्यायची असते. दिव्यांग आणि वृद्ध यांच्यासाठी उतार १:१२पेक्षा तीव्र नसावा. अर्धा मीटर उंच जोत्याला सहा मीटर लांबीचा उतार लागतो, त्यामुळे तो नंतर कुठेतरी बसवता येत नाही. पहिल्या रेषेपासूनच त्याची जागा धरावी लागते, आणि तसाच उतार रंगमंचावर चढायलाही हवा. चाकाची खुर्ची वापरणारा कलावंत प्रेक्षकांतच राहावा, असे कुठल्याही कलासंस्थेला वाटता कामा नये.

बांधकाम चालू असताना मोफत देखरेखीची ओढाताण होते. वास्तुरचनाकार शनिवारी येतो, स्लॅब बुधवारी भरायचा असतो. यावर चांगला मार्ग म्हणजे संस्थेने आपल्यातलाच एक माणूस रोज साइटवर ठेवावा, त्याने ठरलेल्या जागांचे फोटो पाठवावेत आणि पोलाद झाकले जाण्यापूर्वी, जोते भरण्यापूर्वी, वायरिंग बुजवण्यापूर्वी अशा तीन वेळी वास्तुरचनाकाराची किंवा अभियंत्याची प्रत्यक्ष भेट सक्तीची करावी. जोते तपासणीचा दाखला आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत काम संपत नाही. हे प्रमाणपत्र नसलेल्या सभागृहाला अनुदान, विमा आणि वीजजोडणी यांत अडचणी येतात.

काम पुरे झाल्यावर वास्तुरचनाकाराने प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणेचे नकाशे, वायरिंग आणि पाण्याच्या नळांच्या जागा, पडदे-दिव्यांचा तपशील आणि देखभालीची यादी संस्थेकडे सोपवायची असते. मंडळाचे पदाधिकारी दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, म्हणून ही फाइल व्यक्तीकडे न ठेवता संस्थेच्या दप्तरात ठेवावी. छपराची मे महिन्यात पाहणी, पडद्यांची वर्षातून एकदा धुलाई आणि त्यानंतर पुन्हा अग्निरोधक प्रक्रिया, विजेच्या सर्किटची तपासणी यांसाठी दर प्रयोगाच्या उत्पन्नातून ठरावीक रक्कम बाजूला काढण्याचा ठराव आराखडा मंजूर करतानाच झालेला असावा.